नकार आला तर तोही सही-शिक्क्याचा मागून घे

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वय 27, मेकॅनिकलचा डिप्लोमा, लग्न व्हायचंय, आणि कुठल्यातरी परदेशी संस्थेचा मंगळावर कायमचं राहायला जाण्याचा फॉर्म भरायचाय. नोंदणीचे साडेचार हजार मागतायत. तू तीन गोष्टी विचारल्यास: फॉर्म भरू का, नोकरी आत्ताच सोडावी लागेल का, आणि घरी सिलेक्शन झाल्यावरच सांगितलं तर चालेल ना. पहिल्या दोन प्रश्नांवर लोकांनी तुझी मनसोक्त टिंगल केलीय. तिसऱ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मी 2013 साली हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि ‘चालेल की’ असं उत्तर दिलं होतं. म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबेल.

आधीच सांगतो, मी शास्त्रज्ञ नाही, वकील नाही. नाशिकच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मंगळावरची हवा, थंडी, किरणोत्सर्ग, 38 टक्के गुरुत्वाकर्षण हे सगळं तू वाचलंच असशील, ते परत सांगत नाही. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आणि पत्रिकेतल्या मंगळावरचे सगळे विनोद माझे ऐकून झालेत. बाकीच्यांनी कृपया नवीन पाठवू नयेत.

तेव्हा नेदरलँड्सच्या ‘मार्स वन’चा गाजावाजा होता. एप्रिल 2013 मध्ये अर्ज सुरू झाले, 31 ऑगस्टला बंद. वयाची अट फक्त 18 पूर्ण, फी देशागणिक वेगळी, आणि मिनिटभराचा व्हिडिओ करून साइटवर टाकायचा. पहिले चार जण 2023 ला उतरणार, मग दर दोन वर्षांनी आणखी चार, आणि परत कुणीच यायचं नाही. दोन लाखांवर अर्ज आले असं संस्थेनेच जाहीर केलं होतं, आणि त्यात अमेरिकेच्या खालोखाल भारतीय होते. त्याच सुमाराला मंगळयान उडायचं होतं, सगळीकडे तोच विषय. मी 31 वर्षांचा, नाइट शिफ्टला पॅनेलरूममध्ये बसून व्हिडिओ केला. मागे ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकू येते. अजून आहे माझ्याकडे, दाखवणार नाही.

ते व्हिडिओ कुणालाही दिसायचे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एका स्थानिक वार्ताहराला माझा सापडला. त्याने कंपनीच्या गेटवर गाठून चहा पाजला आणि दहा मिनिटं बोलला. शेवटचा प्रश्न होता, “घरच्यांचं काय म्हणणं?” घरी मी अवाक्षर बोललो नव्हतो. पण त्याच्यापुढे ‘अजून सांगितलं नाही’ म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, “आई-वडिलांचा पूर्ण पाठिंबा आहे.”

फोटोसकट आलं. खाली चौकटीत, ठळक अक्षरात: आई-वडिलांचा पूर्ण पाठिंबा.

आमच्याकडे पेपर आधी आई वाचते, चहाबरोबर. मी फर्स्ट शिफ्टला गेलो होतो. घरी आलो तर पेपर घडी घालून टीव्हीवर ठेवलेला आणि वडील गच्चीत. आई तीन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली, “जायचं तर जा. पण माझा पाठिंबा तू परस्पर कसा देऊन टाकलास?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. जाण्याचं तिने त्यातल्या त्यात समजून घेतलं असतं. तिची बहीण लग्न होऊन गयानाला गेली ती दोनदाच आली, दूर जाणं तिला नवं नव्हतं. तिच्या नावावर मी जे बोललो होतो ते तिला लागलं.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चालणार नाही. ‘तसंही आपलं सिलेक्शन होणार नाही, कशाला उगाच सांगा’ हा युक्तिवाद तू मनात करतोयस ना? मीही तोच केला होता. अर्ज करणं म्हणजेच ‘मी तुम्हाला सोडून कायमचा जायला तयार आहे’ असं लिहून देणं. पुढे कुणी नेवो न नेवो, तयार आहेस हे खरंच राहतं, आणि घरच्यांना बोचतं ते तेच.

आता कर्जाच्या ऑफिसची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

30 डिसेंबर 2013 ला पहिल्या फेरीचा निकाल लागला. 1,058 जण निवडले होते, त्यात मी नव्हतो. दोन ओळींचा सभ्य मेल आला, विषय संपला. पेपरात अर्थातच आलं नाही. ‘नाशिकचा तरुण मंगळावर जाणार नाही’ ही काही बातमी होत नाही. घरात शांतता झाली, मी फ्लॅट बघितला, बुकिंगचा एक लाख भरला, आणि एका गृहकर्जवाल्या ऑफिसात फाईल टाकली. नाव लिहीत नाही. पगारपत्रकं, फॉर्म 16, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सगळं चोख. मग पत्त्याच्या पडताळणीला त्यांचा माणूस आला. मी कामावर. त्याने रीतीप्रमाणे शेजारी चौकशी केली. शेजारचे काका अतिशय सज्जन माणूस. ते म्हणाले, “मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण तो मंगळावर जाणार ना कायमचा.”

फाईल अडली. पंधरा दिवस ‘साहेबांच्या टेबलावर आहे’. मग मला बोलावलं. साहेबांपुढे त्या बातमीची झेरॉक्स. ती कुठून मिळवली देव जाणे. म्हणाले, “मुदत 20 वर्षांची मागताय. यात लिहिलंय 2023 ला तुम्ही कायमचे जाणार. म्हणजे नवव्या वर्षी हप्ते बंद.” मला वाटलं गंमत करतायत. तो माणूस गंमत करत नव्हता. नकाराच्या मेलची प्रिंट दिली. त्यावर उत्तर, “हा कॉम्प्युटरचा कागद झाला. संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, ओरिजिनल आणा.” मी म्हटलं, मी स्वतः स्टॅम्प पेपरवर लिहून देतो की मी पृथ्वी सोडणार नाही. तर म्हणे असा फॉरमॅट आमच्याकडे नाही. वडिलांना को-अ‍ॅप्लिकंट घ्या म्हटलं, तर त्यांचं वय बसेना. आणि पुन्हा ती चौकट होतीच: पूर्ण पाठिंबा! म्हणजे त्यांच्या लेखी वडीलही कटात सामील. पाच हेलपाटे घातले, त्यातले तीन अर्धा दिवस रजा टाकून. दरवेळी टेबल वेगळं, माणूस वेगळा, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायची. चौथ्या वेळी एका मुलीने मला विचारलं, “पण तिकडे तुम्हाला पॅकेज किती होतं?”

एका रात्री संस्थेला मेल लिहायला बसलो: ‘आपण मला नाकारलं आहे, तसं कृपया शिक्क्यासह लिहून द्यावं.’ तीन ओळी लिहिल्या आणि लाजेने बंद केला. पाठवायला हवा होता. बिल्डरची 45 दिवसांची मुदत उलटली, बुकिंग रद्द झालं, एक लाखातले पस्तीस हजार कापले गेले, प्रोसेसिंग फी गेली ती वेगळीच. पुढे दुसरीकडे कर्ज तीन आठवड्यांत झालं, पण तोवर भाव वाढले होते. सांगायचं म्हणजे, मंगळावर जाण्यापेक्षा न जाणं सिद्ध करणं जास्त अवघड आहे. असो. ऑफिसवरचा राग अजून गेलेला नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल, पण ती चौकट माझ्याच तोंडच्या वाक्याने भरली होती. तेवढं एक वाक्य बोललो नसतो तर बातमीला निम्मीसुद्धा जागा मिळाली नसती.

आता फॉर्म. तुझी संस्था मला माहीत नाही, तेव्हा खरी-खोटी काही म्हणत नाही. पण मार्स वनचं पुढे काय झालं ते लक्षात घे. फेब्रुवारी 2015 मध्ये शंभर जण उरले, पन्नास पुरुष, पन्नास बाया, त्यात तीन भारतीय. उतरण्याचं साल पुढे पुढे सरकत गेलं, आणि जानेवारी 2019 मध्ये स्वित्झर्लंडमधली त्यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली. जमिनीवरून कुणीच हललं नाही.

माझ्या डोक्यातला किडा मात्र त्याआधीच मेला होता, आणि तो पैशाच्या प्रश्नाने नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या काही जणांनी त्या योजनेचं गणित मांडलं. पेपरांनी त्यातला एकच आकडा उचलला, की 68 व्या दिवसाच्या आसपास पहिला माणूस दगावेल. कारण वाटतं त्याच्या उलटं होतं, ऑक्सिजन जास्त झाल्याचं. खायला लावलेली पिकं इतका ऑक्सिजन सोडणार की आगीचा धोका, तो बाहेर सोडायला जावं तर बरोबर नायट्रोजनही जाणार आणि आतला दाबच टिकणार नाही. संस्थेच्या प्रमुखांनी ते मान्य केलं नाही, ते सोड. मला धरून ठेवलं ते दुसऱ्या आकड्याने. 130 महिन्यांनी तिथे जो माल उतरवावा लागेल, त्यातला 62 टक्के निव्वळ स्पेअर पार्ट! मेंटेनन्सवाल्याला हे वाचून घाम फुटतो. आमच्याकडे एक बेअरिंग पुण्याहून दोन दिवस आलं नाही तर लाइन बंद आणि मॅनेजरचे दहा फोन. तिथे पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण 26 महिन्यांनी, आणि मग प्रवास सहा-आठ महिन्यांचा. म्हणजे स्टोअरमध्ये नाही ते जगात नाही. जाहिरातीत लाल डोंगराकडे बघत उभा असलेला माणूस दाखवतात. प्रत्यक्षात तो गुडघ्यावर बसून पंपाचं सील बदलत असणार, आयुष्यभर. मला ते काम आवडतं, तरी मी हादरलो. तुझा डिप्लोमा या कामाचा आहे, म्हणून विचार: तुला मंगळ हवाय की इथली लाइन नकोय? माझं दुसरं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. तुझं तसं असेलच असं नाही.

साडेचार हजार भरण्याआधी त्यांना दोन प्रश्न लेखी विचार. एक, कुठल्या देशाच्या परवानगीने उडणार? 1967 च्या अंतराळ कराराप्रमाणे खासगी संस्थेच्या उद्योगालाही कुठल्यातरी देशाची परवानगी आणि देखरेख लागते. देशाचं नाव न सांगता गोल गोल उत्तर आलं तर समजून जा. दोन, तुझा व्हिडिओ, चेहरा, घरच्यांची माहिती यावर हक्क कुणाचा? मार्स वनचा बराच खर्च टीव्हीवरच्या प्रक्षेपणातून उभा करायचा बेत होता, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. फी देण्यात मला तत्त्वतः वावगं वाटत नाही, मीही भरली होती. पण सिनेमा आणि हॉटेलात जाईल त्याहून जास्त रक्कम कुणी मागितली तर माझा हात खिशाकडे जाणार नाही. नोकरीचं विचारूच नकोस, सोडायची नाही. नोकरी सोडून वाट बघणारा माणूस निवडीसाठी चांगला दिसतो अशी कुणीतरी कमेंट केलीय, तो शुद्ध मूर्खपणा आहे.

आणि खरंच एकदा तुटून राहून बघायचं असेल तर आपल्याकडे सोय आहे, ती लोकांना माहीत नसते. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही स्थानकं तेच चालवतात. तिथे फक्त शास्त्रज्ञ जात नाहीत, जनरेटरवाला, वेल्डर, गाड्यांचा मेकॅनिक, स्वयंपाकी, डॉक्टर लागतातच, आणि त्यासाठी कंत्राटी जागांच्या जाहिराती निघतात. कडक मेडिकल असतं, औलीला बर्फातलं प्रशिक्षण असतं, आणि हिवाळाभर राहणाऱ्यांकडे काही महिने जहाज नाही, विमान नाही, सूर्यही नाही. नासाने ह्यूस्टनमध्ये चार जणांना 378 दिवस नकली मंगळघरात ठेवलं होतं, जुलै 2024 मध्ये ते बाहेर आले, पण तिथे अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासीच लागतात. वास्कोचं तसं नाही. मी 2016 ला अर्ज तयार केला होता, तेवढ्यात वडिलांचं बायपास निघालं. तू मात्र बघ. शिवाय तिथून पगार मिळतो आणि परतही आणतात. आणि हो, अक्कलदाढ दुखत असेल तर मेडिकलआधी दाखवून घे, तिचं उगाच नंतर लचांड होतं.

घरी कसं सांगायचं याचा काही साचा माझ्याकडे नाही. एवढंच सुचवतो, आकडे घेऊन बस. आईशी पुन्हा नीट बोलणं सुरू झालं ते तिने विचारलं तेव्हा, “तिकडून फोन लागतो का रे?” मी सांगितलं, आवाज पोचायलाच कमीत कमी तीन मिनिटं, लांब असेल तेव्हा बावीस, आणि उत्तर यायला परत तेवढीच. तिने हिशेब केला. “म्हणजे मी जेवलास का विचारणार, आणि ते ऐकू येईस्तोवर तुझी भांडीसुद्धा घासून झालेली असणार.” मग बराच वेळ आम्ही दोघं त्या बावीस मिनिटांबद्दलच बोलत बसलो. ते बोलणं अर्ज करायच्या आधी व्हायला हवं होतं.

साहेबांपुढे जिची झेरॉक्स होती ती मूळ बातमी आईने अजून ठेवलीय, रेशनकार्डाच्या पिशवीत. चौकटीतल्या त्या ओळीवर तिने निळ्या पेनाने रेघ मारलीय.

फॉर्मचं अटींचं पान नीट वाचलंस का? त्याचा फोटो इथेच टाक, वरचं नाव-पत्ता झाकून. उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे, रात्री साडेअकरानंतर बघून सांगतो.