जुना कार्बन आर्क दिवा हाती आला आहे. तो पेटवता येईल का, आणि संग्रह करायचा तर सुरुवात कशाने करावी?

तुम्ही लिहिलं आहे की दिवा बंदिस्त काचगोळ्याचा, साधारण शंभर वर्षांपूर्वीचा आहे, नावाची पट्टी पुसट झाली आहे आणि "थेट प्लगमध्ये लावून बघू का" असा विचार आहे. लावू नका. कार्बन आर्क म्हणजे दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमधल्या फटीत सतत जळत राहणारी विजेची ठिणगी, आणि तिला साध्या बल्बसारखा स्वतःचा ठरावीक रोध नसतो. करंट वाढला की आर्कवरचा व्होल्टेज उलट कमी होतो. त्यामुळे मध्ये बॅलास्ट (करंटला लगाम घालणारा रोध किंवा कॉइल) नसेल तर करंट वाढतच जातो आणि फ्यूज उडतो, नाहीतर वायर जळते. ब्रिटिश अभियंता आणि गणितज्ञ हर्था एअर्टन यांनी आर्कची लांबी, करंट आणि व्होल्टेज यांचा संबंध मोजून मांडला, त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच. दिव्याची किंमत, दुर्मिळता, चकाकी हे सगळं नंतर. आधी सर्किट.

पट्टी वाचता येत नसेल तरी दिवा कुठल्या जातीचा हे मल्टीमीटरने बरंच कळतं. दोन्ही कांड्या एकमेकींना टेकवा आणि बाहेरच्या दोन टर्मिनलांमध्ये रोध मोजा. 4 ते 6 ओहम दिसले तर डोक्यावरच्या डब्यात बॅलास्टची तार आधीच आहे आणि दिवा 110 व्होल्ट डीसीच्या आसपासच्या पुरवठ्यासाठी बनवलेला असण्याची शक्यता मोठी. एक ओहमच्या आत आकडा आला तर आत फक्त सीरिज कॉइल (आर्कचाच करंट जिच्यातून जातो आणि जी कांडी उचलते ती) आहे, बॅलास्ट बाहेरून द्यावा लागेल. आता कांड्या वेगळ्या करून पुन्हा मोजा. सर्किट पूर्ण उघडं दिसलं तर साधा सीरिज कॉइलचा दिवा. शेकड्यांत ओहम दिसले तर आर्कला समांतर जोडलेली शंट कॉइलही आहे, म्हणजे दोन कॉइलींच्या ओढाताणीवर चालणारी डिफरन्शियल यंत्रणा. असे दिवे बहुधा रस्त्यावरच्या स्थिर करंटच्या मालिकेत लटकत. तिथे पन्नासेक दिवे एकामागोमाग जोडलेले असत आणि एकूण व्होल्टेज दोन-तीन हजारांत जाई. ती व्यवस्था घरी उभी करण्याचा मोह नको. तोच दिवा एकटा, कमी व्होल्टेजवर नीट चालतो.

एसी की डीसी, हे चुंबकाच्या गाभ्यावरून ओळखा. पातळ पत्र्यांची चळत असेल तर एसी, सलग लोखंड असेल तर डीसी. डीसीचा दिवा एसीवर लावला तर गाभा तापतो, यंत्रणा गुणगुणते आणि कांडी वरखाली नाचत राहते. उलट केलं तर नुकसान कमी, पण करंट ठरवणारा चोक (लोखंडी गाभ्यावरची कॉइल) डीसीवर निरुपयोगी ठरतो. तेव्हा तिथे वेगळा रोध हवाच.

आता पुरवठा. उघड्या, म्हणजे मोकळ्या हवेत जळणाऱ्या आर्कवर साधारण 45 ते 50 व्होल्ट पडतात आणि दोन टोकांत अंतर 3 मिलिमीटरच्या आसपास असतं. बंदिस्त, म्हणजे जवळपास हवाबंद आतल्या काचगोळ्यात जळणाऱ्या आर्कवर जवळपास 80 व्होल्ट आणि अंतर 9-10 मिलिमीटर. तुमचा दिवा दुसऱ्या प्रकारातला आहे, 5 अॅम्पिअर धरा. घरगुती पुरवठा 230 असो की 120, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. ऑटोट्रान्सफॉर्मर किंवा डिमर चालणार नाही, कारण त्यांत प्राथमिक आणि दुय्यम बाजू वेगळ्या नसतात. दुय्यम बाजू 130 व्होल्ट आणि क्षमता 1.5 केव्हीए घ्या. त्यानंतर 50 अॅम्पिअर, 800 व्होल्टचा ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) चांगल्या हीटसिंकवर, आणि त्यानंतर सीरिजमध्ये 20 ते 30 मिलिहेन्रीचा चोक. चोक नसेल तर ब्रिजमधून बाहेर पडणारं व्होल्टेज प्रत्येक अर्ध्या आवर्तनात शून्यावर येतं आणि आर्क विझत-पेटत राहतो. मोठा कपॅसिटर लावून हे सोडवण्याचा विचार येतो, पण त्याने विनालोड व्होल्टेज 180 च्या वर चढतं आणि बंद केल्यावरही साठलेला चार्ज हात लावणाऱ्याची वाट बघत बसतो. चोकच बरा.

अशा पुरवठ्याचं सरासरी डीसी व्होल्टेज सुमारे 117. आर्कवर 80 गेले, उरले 37. भागिले 5, म्हणजे एकूण साडेसात ओहम हवेत. दिव्याच्या डोक्यात 5 ओहम असतील तर बाहेर अडीच जोडा. त्या बाहेरच्या रोधात 60 वॉटच्या वर उष्णता निघते, म्हणून किमान 200 वॉटचा वायरवाउंड घ्या, हवेशीर ठेवा. सुरू करताना कांड्या टेकलेल्या असतात तेव्हा करंट 16 अॅम्पिअरच्या जवळ जातो, पण क्षणभरच. फ्यूज त्यासाठी स्लो-ब्लो घ्या आणि डीसीसाठी प्रमाणित घ्या. स्विचचंही तेच. भिंतीवरचा एसीचा स्विच डीसीचा लोड तोडताना आत स्वतःच आर्क धरून ठेवतो आणि वितळतो. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसीत कधीच येत नाही. म्हणून रोजचं चालू-बंद ट्रान्सफॉर्मरच्या एसी बाजूने करा आणि डीसी बाजूला खरा डीसी ब्रेकर ठेवा.

वेल्डिंग मशीन वापरू का, असं बरेच जण विचारतात. त्याचं विनालोड व्होल्टेज 60 ते 80 असतं, तेव्हा 80 व्होल्टच्या बंदिस्त आर्कला ते पुरणारच नाही. 50 व्होल्टच्या उघड्या आर्कला किंवा प्रोजेक्टरच्या आर्कला मात्र चांगलं चालतं, कारण वेल्डिंगचा पुरवठा मुळातच आर्कसाठी बनवलेला असतो.

यातला सर्वांत फसवा भाग दिव्याचा सांगाडा. बऱ्याच जुन्या दिव्यांत खालची कांडी बाजूच्या दांड्यांमार्फत थेट सांगाड्याला जोडलेली असते, म्हणजे सांगाडा हाच एक ध्रुव. कुठल्या टर्मिनलपासून सांगाड्यापर्यंत सातत्य आहे ते आधी तपासा. नसेल तर 500 व्होल्टच्या मेगरने (उच्च व्होल्टेजवर रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर आत ओल, काजळी किंवा कुजलेली फायबर वॉशर आहे. सांगाडा ध्रुव असेल तर लटकवण्याच्या हुकात पोर्सेलिनचा इन्सुलेटर घाला आणि दिवा कोणाच्याही हाताला लागणार नाही असा टांगा. सांगाडा वेगळा असेल तर त्याला अर्थिंग द्या.

आत हात घालण्याआधी आणखी एक गोष्ट. वरच्या डब्यात पांढरट, कापडासारखी, केस सुटलेली वस्तू दिसली तर ती अॅस्बेस्टॉस समजूनच वागा: वायरवरचं वेष्टण, गास्केट, वॉशर. कोरडी ओढू नका, ब्रश मारू नका, हवेचा झोत तर मुळीच नाही. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याने भिजवा, पी100 फिल्टरचा मास्क घाला, काढलेला भाग ओला असतानाच दुहेरी पिशवीत बंद करा. वायर जास्त असेल तर सरळ परवानाधारक माणसाकडे द्या. नवीन वेष्टण फायबरग्लासचं, वॉशर अभ्रकाचे.

यंत्रणा पेटवण्याआधी थंड चाचणी करा. ही पायरी वगळणारे लोक काचगोळे फोडतात. कांड्यांचे दोन्ही होल्डर जाड वायरने एकमेकांना जोडा आणि टर्मिनलांना बेंच सप्लायवरून 5 अॅम्पिअर द्या. एकूण रोध 5 ओहम असेल तर त्यासाठी 25-30 व्होल्ट लागतील. कॉइलमधला लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, ओढला जाऊन क्लचचं कडं तिरकं होऊन वरची कांडी पकडायला हवं आणि ती 8 ते 10 मिलिमीटर वर उचलली जायला हवी. करंट बंद केल्यावर ती धाडकन पडता कामा नये. डॅशपॉटने (हालचाल मंद करणाऱ्या सिलिंडर-पिस्टनने) तिला सेकंद-दोन सेकंदांत हळूच खाली आणलं पाहिजे. धाडकन पडली तर डॅशपॉट गळतो आहे. मधेच अडकली तर तो घाणीने भरला आहे किंवा कोणीतरी त्यात तेल घातलं आहे. ग्राफाइटच्या पिस्टनला तेल लावायचं नसतं, ते तापून डांबर बनतं. अल्कोहोलने पुसा, कोरडं बसवा. कांडी सरकते ती दांडीही तशीच, कोरड्या कापडाने. पॉलिश पेपर मारलात तर क्लच घसरायला लागतो.

कांड्यांबद्दल थोडं सविस्तर. बंदिस्त दिव्यात अर्ध्या इंची, म्हणजे 12.7 मिलिमीटर जाडीच्या, भरीव आणि कमी राखेच्या कांड्या लागतात. राख जास्त असेल तर आतल्या काचेवर पांढरा थर बसतो आणि तो धुतल्याने पूर्ण जात नाही. वरची सुमारे 12 इंच, खालची 5-6 इंच. वरची जळून उरलेला तुकडा पुढच्या खेपेला खाली लावायचा, ही जुन्या दिवेवाल्यांची रीत आणि आजही तीच सोयीची. गॉजिंगसाठी (आर्कने धातू खरवडून काढण्यासाठी) मिळणाऱ्या तांब्याचा मुलामा दिलेल्या कांड्या सगळीकडे मिळतात, पण बंदिस्त गोळ्यात तांब्याचे थेंब तापल्या काचेवर पडून ती तडकते. मुलामा फेरिक क्लोराइडने काढता येतो, मग नीट धुवायचं. तरीही त्यांचा आर्क टोकावर भटकतो. ओल धरलेली कांडी तडतडते, कपचे उडवते. 110 ते 120 अंशांवर तीन-चार तास ओव्हनमध्ये सुकवा. होल्डरपाशी 40-50 मिलिमीटर शिल्लक असतानाच थांबा, नाहीतर होल्डर जळतो, आणि तो भाग पुन्हा मिळत नाही.

डोळ्यांविषयी कमी लिहून चालणार नाही. धन टोकावरच्या खळग्याचं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि उघड्या आर्कमधून अतिनील किरण भरपूर येतात. इजा त्या क्षणी कळत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. मूकपटांच्या काळात नटांना स्टुडिओतल्या आर्कमुळे हेच होई, त्याला क्लीग आय म्हणत. साधी काच आखूड लहरींचं अतिनील बरंचसं अडवते, म्हणून गोळा नसताना किंवा तडा गेलेला असताना दिवा लावायचा नाही. उघड्या आर्ककडे बघायचंच असेल तर 10 नंबरची वेल्डिंग काच, 40-50 अॅम्पिअरच्या आर्कला 11 किंवा 12. त्याहून चांगला उपाय: भिंगाने आर्कची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडा आणि त्यावर टोकांच्या अंतराच्या रेघा आखून ठेवा. आर्ककडे न बघता अंतर मोजता येतं. अंगावर सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, खाली वाळूचा ट्रे, दोन मीटरच्या आत पडदा किंवा कागद नाही, खिडक्या उघड्या. आर्क ओझोन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो.

पेटवल्यावर कान आणि नजर दोन्ही ठेवा. सिसकारी येत असेल तर करंट जास्त आहे किंवा अंतर फार कमी: हवेतला ऑक्सिजन थेट खळग्यापर्यंत पोचतो आहे. हेही एअर्टन यांनीच दाखवलं. ऋण टोकावर आळंबीसारखी गाठ वाढली तर तेही अंतर कमी असल्याचं लक्षण. ज्योत लांबून वर चढते आणि रंग जांभळट होतो तेव्हा अंतर जास्त. पण बंदिस्त आर्क मुळातच जांभळट असतो, त्यावरून घाबरू नका. ब्लूप्रिंट काढायला याच रंगासाठी तो वापरत. दिवा दर काही सेकंदांनी वरखाली उसळत असेल तर डॅशपॉट, आणि कांडी अचानक भराभर जळायला लागली तर आतल्या गोळ्यात हवा शिरते आहे: टोपी नीट बसलेली नाही किंवा गोळ्याला तडा आहे. बंदिस्त कांड्या शंभर तासांहून जास्त टिकतात, उघड्या त्याच्या दशांशाएवढ्याच, यावरून फरक लगेच कळेल.

ध्रुव उलटे लागले का हे ओळखायची जुनी युक्ती अशी: दिवा बंद करा आणि काळ्या काचेतून बघा, जे टोक जास्त वेळ लाल राहतं ते धन. लटकत्या दिव्यात ते वर हवं, कारण बहुतेक उजेड धन खळग्यातून खाली पडतो. खाली आलं असेल तर छत उजळतं आणि खालचा होल्डर तापतो. उघड्या डीसी आर्कमध्ये धन कांडी ऋणाच्या जवळपास दुप्पट वेगाने झिजते, म्हणून तिथे धन कांडी जाड आणि गाभ्यात मऊ मिश्रण भरलेली घेतात.

संग्रहाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिला दिवा कांड्या हाताने सरकवायचा, मॅजिक लँटर्नचा (जुन्या स्लाइड प्रोजेक्टरचा) घ्या. त्यात यंत्रणा नाही, म्हणून बिघडण्यासारखं थोडंच, आणि आर्क कसा वागतो ते बोटांना कळतं. बंदिस्त दिवा घेताना आतला गोळा, त्याची टोपी, पोर्सेलिनचे भाग आणि डॅशपॉट जागेवर आहेत का हे पाहा. आतलं सगळं काढून बल्बचा होल्डर बसवलेले दिवे खूप फिरतात, ते शोभेच्या भावानेच घ्यावेत. तांब्याचा डबा चकचकीत करू नका, नावाची पट्टी तर अजिबात घासू नका. तिरका उजेड टाकून फोटो काढला की पुसट अक्षरं बहुधा वाचता येतात.

काही जाती फक्त बघण्यासाठी. मॅग्नेटाइट (लोखंडाच्या ऑक्साइडच्या) दिव्याची लोखंडी नळीतली कांडी आज मिळत नाही. फ्लेम आर्कच्या कांड्यांत कॅल्शियम फ्लोराइडसारखी मिठं असतात, त्यांचा धूर बंद जागेत घेऊ नये. 1876 ची याब्लोचकोव्ह मेणबत्ती (शेजारी-शेजारी उभ्या दोन कांड्यांचा आर्क दिवा) मिळालीच तर ती एकदाच जळते. विझली की पुन्हा पेटत नाही. आणि बाजारात सर्वांत सहज मिळणारे, छोटे, स्वस्त "घरगुती सूर्यप्रकाश" आर्क दिवे हेच सर्वांत धोक्याचे: अतिनील देण्यासाठीच बनवलेले, बहुतेक वेळा पुढे काच नाही, आणि काहींचा सांगाडा थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेला. त्यांची वायर कापून कपाटात ठेवा.