संध्याकाळ आधी ठरव

जळगाव

प्रिय पोरी,

तुझी यादी वाचली. व्हिएन्ना आणि बर्लिन मिळून आठ दिवस, त्यातले चार ट्रेनिंगचे. उरलेल्यात राजवाडे, म्युझियम, डॅन्यूबमधली बोट आणि अगदी तळाशी ‘वेळ मिळाला तर ऑपेरा’. ही यादी उलटी कर. आधी संध्याकाळ ठरव, तिकीट काढ, मग राजवाडे त्याच्या मागेपुढे बसव. राजवाडा आज राहिला तर उद्या बघता येतो. व्हिएन्नाच्या श्टाट्सओपर या मोठ्या ऑपेरागृहात जवळजवळ रोज खेळ बदलतो; सोमवारी जे आहे ते मंगळवारी नसतं. हंगाम सप्टेंबर ते जून चालतो आणि तू ऑक्टोबरात जाते आहेस, म्हणजे वेळ उत्तम साधली आहे.

दुसरी गोष्ट अंगाची. परगावी गेलेला माणूस दिवसभर पायपीट करतो आणि रात्री मऊ खुर्चीत बसला की पहिल्याच अंकात पेंगतो. मग घरी येऊन सांगतो, ऑपेरा कंटाळवाणा असतो. दोष ऑपेराचा नसतो, दमलेल्या अंगाचा असतो. ज्या दिवशी खेळ आहे त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हॉटेलवर ये, तासभर आडवी हो, खाऊन निघ. खेळ साधारण सात-साडेसातला असतो आणि ठरल्या मिनिटाला सुरू होतो. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावरही मोबाइलच्या उजेडात आपली रांग शोधणारे असतात. तिथे उशीर झाला की दार बंद. मध्यंतरापर्यंत बाहेरच्या पडद्यावर बघत राहायचं. कोट आणि मोठी पिशवी ठेवायला वेगळी जागा असते, तिथेही रांग लागते. त्यामुळे पाऊण तास हाताशी ठेव.

पैशाची काळजी तू लिहिली नाहीस, पण मला ती ओळींमध्ये दिसली. श्टाट्सओपरमध्ये उभं राहून बघायची जागा आहे, आणि ती मागच्या कोपऱ्यात ढकललेली नाही. खालच्या मजल्यावर तर ती बरोबर मधोमध आहे, समोर अख्खा रंगमंच. बसायच्या चांगल्या तिकिटाला जे पडतं त्याच्या तुलनेत ही तिकिटं फारच स्वस्त आणि ती त्या-त्या दिवशीच विकली जातात. विक्रीच्या वेळा मधूनमधून बदलतात, त्या त्यांच्या वेबसाइटवर बघ. जागा मिळाली की समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा. तो बांधला की जागा तुझी, मग खुशाल पाणी पिऊन ये. त्या गावाची ही जुनी रीत आहे आणि सगळे ती पाळतात. माझ्या मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी तिथेच उभा राहिलो. शेजारी एक आजीबाई पूर्ण वेळ डोळे मिटून ऐकत होत्या. पुढच्या वेळीही मी तिथेच उभा राहीन. कपडे नीटनेटके असले की झालं. साडी नेसावीशी वाटली तर जरूर नेस, पायात मात्र सपाट काहीतरी घाल. रात्री एकटीने परत यायचं म्हणून तुझी आई विचारेल. तिला सांग, ऑपेराच्या शेजारीच कार्ल्सप्लाट्झचं मेट्रो स्टेशन आहे आणि खेळ सुटला की सगळी गर्दी तिकडेच चालत असते.

तू राज्य नाट्य स्पर्धेत पार्श्वसंगीत सांभाळलं आहेस, म्हणून हे खास तुला सांगतो. ऑपेरात गाणाऱ्याला माइक नसतो. खाली साठ-सत्तर वाद्यं वाजत असतात आणि वरून एक माणूस नुसत्या गळ्यावर दोन हजार लोकांपर्यंत पोचतो. हे होतं कसं? तयार गळ्यात ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाची ताकद एकवटते. वाद्यवृंदाचा जोर त्यापेक्षा खालच्या पट्ट्यात असतो, म्हणून तेवढ्या फटीतून गळा स्पष्ट बाहेर येतो. आपल्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात माइक बंद पडला की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवताना नटाची काय दमछाक होते ते तू पाहिलं आहेस. ते आठवून ऐक. अर्थ कळला नाही तरी एवढ्या एका गोष्टीसाठी तिकीट वसूल आहे. आणि अर्थही कळेल, कारण समोर छोटा पडदा असतो आणि त्यावर इंग्रजी मजकूर लावता येतो.

पहिला ऑपेरा कोणता निवडायचा? तुझ्या तारखांना मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ असेल तर डोळे मिटून तोच. १७९१ साली तो व्हिएन्नातच पहिल्यांदा झाला, दरबारी थिएटरात नव्हे, तर गावकुसाबाहेरच्या, साध्या लोकांच्या थिएटरात. त्यात गाण्यांच्या मधे बोललेले संवाद आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणलं, तेव्हापासून आपल्या संगीत नाटकात जो घाट रूढ झाला त्याच्या हा फार जवळचा. तो नसेल तर पुच्चिनीचा ‘ला बोहेम’: संगीत दोन तासांच्या आतबाहेर आणि गोष्ट गरीब, तरुण, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसांची. वाग्नर या खेपेला नको. त्याचे काही ऑपेरे चार तासांवर जातात, उभ्याने ते सोसणार नाहीत. फोल्क्सओपर नावाचं दुसरं घरही तिथे आहे, हलकाफुलका मामला. एखादी संध्याकाळ उरली तर तिकडे जा. एक सवय मात्र इथेच ठेवून जा. बालगंधर्वांच्या काळापासून आपण आवडलं की ‘वन्स मोअर’ मागतो. तिथे ते क्वचितच होतं. सूर पूर्ण विरल्यावर टाळी दे, आणि शेवटी कलाकार पुन्हापुन्हा पडद्यापुढे येतात तेव्हा हात दुखेपर्यंत वाजव.

आता कॅबरे. हा शब्द वाचून तू थोडी बिचकशील हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे हिंदी सिनेमाने त्याचं जे चित्र करून ठेवलं ते बाजूला ठेव. १८८१ साली पॅरिसमध्ये ‘शा न्वार’ नावाचं कॅबरे उघडलं तेव्हा तिथे कवी, चित्रकार, गाणारे जमायचे आणि सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवायचे. १९०१ मध्ये हा प्रकार बर्लिनला आला. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तू तमाशा पाहिला आहेस. गण, गवळण झाली की बतावणी येते: सोंगाड्या थेट आपल्याशी बोलतो, गावच्या पुढाऱ्यापासून दिल्लीपर्यंत कुणालाही सोडत नाही. कॅबरेचा जीव तोच आहे. त्याची किंमतही मोजावी लागते. बर्लिनमध्ये वेर्नर फिंक नावाचा विनोदवीर ‘काटाकोंबे’ नावाचं कॅबरे चालवायचा. १९३५ मध्ये नाझींनी ते बंद केलं आणि त्याला छळछावणीत टाकलं. टेबलाशी बसून हसताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

बर्लिनमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत करू नकोस. ‘डिस्टेल’ किंवा ‘श्टाखेलश्वाइने’ इथे काबारेट, म्हणजे राजकीय टोलेबाजीचं कॅबरे होतं. ते अस्सल आहे, पण सगळं जर्मन शब्दांवर चालतं, आणि तुझं जर्मन अजून दुकानापुरतं आहे. दुसरा प्रकार गाण्यांचा; तुझ्यासाठी तोच, ‘बार येडर फेर्नुन्फ्ट’मधला, बरा. आरशांनी मढवलेला जुना तंबू, लहान जागा, गाणारा माणूस हाताच्या अंतरावर. तिथे दारू घ्यायलाच हवी असं नाही, साधं सोडा-पाणी मागव. अगदी पुढचं टेबल टाळ; कलाकार बोलता बोलता पुढच्यांना खेळात ओढतात आणि भाषेअभावी तू गोंधळशील.

नाटकासाठी शाउब्यूने या थिएटरच्या कार्यक्रमपत्रिकेत बघ, काही खेळांना इंग्रजी मजकूर असतो. पण एका दुपारी फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनवर उतर आणि नदी ओलांडून बर्लिनर एन्सेम्बलच्या दारात जा. याच थिएटरात ३१ ऑगस्ट १९२८ रोजी नाटककार ब्रेख्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ पहिल्यांदा झाला. त्यावरूनच पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेलांनी तो १९७८ मध्ये बसवला. ऑपेरा, कॅबरे आणि आपला तमाशा एकाच नाटकात भेटले ते तिथून. तुझ्या तारखांना ते नाटक तिथे लागलं असेल तर बाकी सगळं रद्द कर, जर्मनमध्ये असलं तरी. गोष्ट तुला ठाऊक आहे, गाणी ओळखशील.

आजच दोन्ही शहरांच्या कार्यक्रमपत्रिका बघ आणि नावं मला कळव. जे ठरेल त्याची गोष्ट मी मराठीत दोन पानांत लिहून पाठवतो. ती निघण्याआधी घरीच वाच, आणि त्यातली दोन-तीन मुख्य गाणी तिकडे पोचायच्या आत ऐकून ठेव.

तुझे
सर