शिष्यवृत्तीची निवड : ९२ गुणांची मुलगी मागे का राहिली?

खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

माझ्या मुलीला शाळेच्या चाचणीत १०० पैकी ९२ गुण मिळाले, तरी तिची निवड झाली नाही. ८१ गुणांच्या मुलीची झाली. हा वशिला नव्हे काय? (डिचोली)

आधी ती शिष्यवृत्ती कोणत्या प्रकारची होती ते पाहा. निव्वळ गुणवत्तेची असेल तर तुमची शंका रास्त आहे. शाळेकडे लेखी अर्ज करून गुणतक्ता मागा. पण खासगी शाळांच्या बऱ्याच योजनांत गुण ही फक्त चाळणी असते. समजा चाळणी ६० गुणांची ठेवली, तर तिच्यावरचे सगळे एका रांगेत येतात आणि पुढचा हिशेब घराच्या ऐपतीचा होतो.

तो हिशेब साधारण असा चालतो. वर्षाची फी ७२,०००, बस १६,०००, गणवेश-पुस्तके १२,०००, म्हणजे एकूण खर्च १ लाख. एका घराचे वार्षिक उत्पन्न ३ लाख आहे. त्यातून भाडे ६०,०००, आजीचे औषधपाणी ३०,००० आणि घरखर्च १,८०,००० वजा केला की ३०,००० उरतात. तूट ७०,०००. दुसऱ्या घराचे उत्पन्न ७ लाख, हप्ते आणि घरखर्च मिळून ४ लाख. तिथे तूट नाहीच. मग ९२ असोत की ९८, समिती पहिल्या घराकडे वळते, आणि आमच्या मते तिने वळायलाच हवे. दोन घरांची तूट सारखी निघाली तरच गुण, शिक्षकांचे शिफारसपत्र, मुलाखत आणि गृहभेटीतील नोंदी पुन्हा समोर येतात.

जास्त अर्ज बाद होतात ते मात्र कागद एकमेकांशी न जुळल्यामुळे. मामलेदार कार्यालयाच्या दाखल्यावर वर्षाचे उत्पन्न ९६,००० आणि बँकेच्या उताऱ्यात स्कूटरचा हप्ता दरमहा ६,०००, म्हणजे वर्षाला ७२,००० गेले, तर उरलेल्या २४,०००त घर कसे चालले, हा प्रश्न विचारला जाणारच. रोखीची कमाई असेल तर कोऱ्या कागदावर महिन्यावार लिहून, खाली सही करून जोडा. खरा आकडा मोठा असला तरी तो जुळलेला हवा.

आमचे लहानसे दुकान आहे. नवऱ्याचे आयकर विवरणपत्र जोडले, तरी शाळा माझेही मागते. मी तर गृहिणी आहे. (म्हापसा)

शाळेची मागणी बरोबर आहे आणि तिचे कारण गोव्यातच आहे. आपल्याकडच्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे ज्या जोडप्याची मालमत्ता सामाईक असते, त्यांचे धंदा, घरभाडे, व्याज यांचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. पगार तेवढा मिळवणाऱ्याच्याच नावावर राहतो. दुकानाचा नफा ४,८०,००० असेल तर नवऱ्याच्या विवरणपत्रात २,४०,०००च दिसतात. उरलेला भाग तुमच्या नावावर जातो. विवरणपत्रातील 'शेड्यूल ५ए' उघडले की ही वाटणी कळते. तुमचा कागद नसेल तर वाचणाऱ्याला अर्धे उत्पन्न लपवल्यासारखे वाटते, खरे तर तुम्ही काहीच लपवलेले नसते. दोघांचीही विवरणपत्रे द्या आणि वर एक ओळ लिहा: 'दोन्ही मिळून एकच दुकान.'

वडिलोपार्जित घराचेही असेच. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या नोंदीवर) काका-आत्या धरून अकरा नावे असतील तर ते अख्खे घर तुमची मालमत्ता म्हणून मोजू देऊ नका. उताऱ्याची प्रत जोडा, हिस्सेदार किती ते लिहा, आणि वाटणी झालेली नसेल तर तसेही नमूद करा.

नवरा बोटीवर आहे. विवरणपत्रात उत्पन्न शून्य दिसते. तेच दिले तर चालेल ना? (वास्को)

नाही. अनिवासी ठरलेल्या तारवटीच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याच्या, परदेशी पगारावर इथे सहसा कर लागत नाही, म्हणून तिथे शून्य दिसते. घरात पैसा येतच असतो आणि तो बँकेच्या उताऱ्यात उमटतो. करारपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि बारा महिन्यांचा बँक उतारा द्या.

उलट बाजूचीही काळजी घ्या. पावतीवर ७०,००० पाहून कारकून त्याला सरळ बाराने गुणतो आणि ८,४०,००० लिहितो. करार सात महिन्यांचा असेल तर वर्षाची कमाई ४,९०,०००च आहे. सीडीसी पुस्तिकेत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेत, बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखांचे शिक्के असतात. त्या पानांची झेरॉक्स हाच सर्वांत चांगला पुरावा. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावरच्या शॅकवर राबणाऱ्यांनीही कामाचे महिने मालकाकडून लिहून घ्यावेत.

मुलगा एनएमएमएस (केंद्राच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा उत्तीर्ण आहे. नववीला खासगी शाळेत घातला तर ही आणि शाळेची, अशा दोन्ही शिष्यवृत्त्या मिळतील? (फोंडा)

शाळा अनुदानित की विनाअनुदानित, यावर ते ठरेल. केंद्राची ही वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती नववी ते बारावीपर्यंत असते, पण ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी. गोव्यातील पुष्कळ हायस्कुले खासगी संस्थांची असूनही अनुदानित आहेत; तिथे ती चालू राहते. विनाअनुदानित शाळेत गेल्यास हक्क जातो. संस्थेची स्वतःची मदत इतर शिष्यवृत्तीबरोबर घेता येते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली. चाचणी इंग्रजीत आहे. तिचे गणित पक्के आहे, पण प्रश्नच कळला नाही तर? (वाळपई)

ही भीती अगदी खरी आहे. आकडेमोड येणारे मूल 'रिमेंडर' किंवा 'हाऊ मेनी मोर' या शब्दांपाशी अडखळते, आणि गुण गणिताचे जातात. अर्ज भरतानाच प्रश्नपत्रिका द्विभाषिक मिळेल का, निदान पर्यवेक्षक प्रश्न मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवतील का, हे विचारा. अर्जावर 'माध्यम : मराठी' ठळक लिहा. नकार मिळाला तर राहिलेल्या आठवड्यांत नवे गणित शिकवू नका. तिला येणारीच शाब्दिक उदाहरणे रोज पाच, इंग्रजीत वाचून मराठीत सांगायला लावा: काय दिले आहे, काय काढायचे आहे. नेहमीच्या थोड्या इंग्रजी शब्दांवर बहुतेक उदाहरणे भागतात.

मुलाखतीत तिने मराठीत उत्तर दिले म्हणून ती कमी ठरत नाही. पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांपुढे मूल दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होते आणि ते समितीला लगेच कळते. तिला वाचलेल्या धड्याबद्दल किंवा परसातल्या झाडाबद्दल तिच्या भाषेत सलग दोन मिनिटे बोलता आले, तर ती तयारी पुरेशी आहे.