अमेरिकेत कॉलेज ॲडमिशन: 'आता आपल्या मुलांचा फायदा' असं समजून येऊ नका

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालाने तिकडचं आरक्षण गेलं तर आता मुलीला मेरिटवर ॲडमिशन मिळेल ना, आणि मेरीलँडमधे 'ब्लॅक मुलं कमी असलेली' शाळा कुठली. आम्ही बरीच वर्षं मेरीलँडच्याच हॉवर्ड काउंटीत राहतोय, दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

मुळात आपल्यासारख्या राखीव जागा इथे नव्हत्याच हो. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या कोर्टाने १९७८ मधेच रद्द केल्या. त्यानंतर अर्ज बघताना वंश हा बाकी चार गोष्टींबरोबर विचारात घ्यायचे, तेही हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या केसमधे २०२३ ला थांबलं. पण माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांची, प्राध्यापकांची, शिवाय खेळाडू, यांना मिळणारं झुकतं माप या निकालाने गेलं नाही, आणि हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांच्या आसपास याच गटातली होती हे त्याच केसमधल्या आकड्यांवरून कळलं. यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही याचा मला खरंच राग येतो. मेरीलँडने २०२४ मधे कायदा करून माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांसाठीची ही वशिल्याची वाट बंद केली ते फार बरं केलं.

निकालानंतरच्या पहिल्याच वर्षी, २०२४ मधे, एमआयटीत एशियन मुलं ४० वरून ४७ टक्के झाली आणि ब्लॅक मुलं साधारण १३ वरून ५ वर आली, येलमधे मात्र एशियनच घटले, त्यामुळे यावर मुलीचं गणित मांडू नका.

आता शाळेचं. कुठली मुलं कमी आहेत यावरून शाळा निवडू नका ही माझी कळकळीची विनंती. इथे शाळेला बराचसा पैसा घरपट्टीतून येतो, आणि कोण कुठे घर घेऊ शकतं हे आपोआप ठरलेलं नाही, बाल्टिमोरने १९१० मधे चक्क कायदा केला होता की कुठल्या गल्लीत गोरे राहतील आणि कुठल्या गल्लीत ब्लॅक. तो कायदा टिकला नाही पण नंतर बँकांनी ब्लॅक वस्त्यांना कर्ज नाकारलं. जानेवारी २०१८ च्या कडाक्याच्या थंडीत बाल्टिमोरच्या कितीतरी शाळांचं हीटिंग बंद पडलं, मुलं वर्गात कोट घालून कुडकुडत बसली होती, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. त्या मुलांच्या आणि माझ्या मुलांच्या मार्कांची तुलना करून त्याला मेरिट म्हणायचं हे मला पटत नाही.

आणि नीट शिकवलं तर काय होतं तेही इथेच दिसतं. यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी) म्हणून सरकारी युनिव्हर्सिटी आहे, तिथे फ्रीमन ह्रबोव्स्कींनी १९८८ मधे मायरहॉफ स्कॉलर्स हा गणित-सायन्सच्या मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू केला, आधी ब्लॅक मुलांसाठी, पुढे सगळ्यांसाठी. कॉलेज सुरू व्हायच्या आधी सहा आठवडे मुलांना कॅम्पसवर ठेवून गणित-सायन्सची तयारी करून घेतात, फोन बंद, अभ्यास गटानेच करायचा, आणि पायाच्या विषयात सी ग्रेड मिळाली तरी पास झालो म्हणून पुढे जायचं नाही, तो कोर्स परत करायला सांगतात. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात असलेल्या किझमेकिया कॉर्बेट इथल्याच. तुमच्या मुलीलाही सायन्सची आवड असेल तर ही जागा डोळ्यासमोर ठेवा, नुसतं हार्वर्ड-हार्वर्ड करू नका.

घर बघताना आमच्या काउंटीतलं कोलंबिया नक्की बघा, ते गाव १९६७ मधे सगळ्या वंशाचे लोक शेजारी राहावेत हाही हेतू ठेवून वसवलं. शाळा मुलीला घेऊन स्वतः फिरून बघा, गणिताचे वरचे कोर्स कुठले आहेत आणि त्यात कोणाला बसवतात हे काउन्सेलरला विचारा. मुलगी एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळणार नाही, पैशाची तजवीज आतापासून करा. कॉलेजवाले नववीपासूनचे मार्क बघतात आणि शाळा ऑगस्टअखेर सुरू होते, म्हणून मार्कशीट आणि लसीकरणाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा.