चंडाशोक की धर्माशोक?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेच्या पुस्तकात अशोक म्हणजे शांततेचा राजा, आणि आजोबा फोनवर त्याला ‘चंडाशोक’, म्हणजे क्रूर अशोक म्हणतात, नव्याण्णव भावांना मारणारा. यातलं खरं कोणतं, असं तू निबंधासाठी विचारलंस.

भावांची गोष्ट आधी बाजूला काढ. ती श्रीलंकेच्या बौद्ध ग्रंथांत आहे आणि ते ग्रंथ अशोकानंतर कित्येक शतकांनी रचले गेले. बौद्ध होण्याआधीचा अशोक जितका दुष्ट रंगवावा, तितका बौद्ध धर्माचा प्रभाव मोठा दिसतो. उलट अशोकाच्या स्वतःच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावा-बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. सत्तेसाठी भांडण झालं असेलही, पण नव्याण्णव हा आकडा निबंधात घालू नकोस.

कलिंगाचं, म्हणजे आजच्या ओडिशाकडच्या राज्याचं, मात्र तो स्वतःच सांगतो. तेराव्या शिलालेखात लिहिलंय की राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास, कलिंग जिंकताना दीड लाख माणसं तिथून हलवली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. आकडे गोल आहेत, मोजदाद समजू नकोस. पण जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाबद्दल असं दुःख दगडावर कोरून घ्यावं, हे जगात फार क्वचित घडलंय.

आता नीट बघ. हा लेख गुजरातेत गिरनारला आहे, उत्तराखंडात कालसीला आहे, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, तो नाही! तिथे त्याच्या जागी अधिकाऱ्यांना दिलेले वेगळे हुकूम आहेत : सगळी माणसं माझी लेकरं आहेत, कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका, न्याय करताना मत्सर, राग, घाई, आळस आड येऊ देऊ नका. हुकूम चांगलेच आहेत. पण ज्यांची माणसं मेली, त्यांच्यासमोर पश्चात्ताप कोरला नाही, कलिंग परत दिलं नाही, आणि नेलेल्या माणसांना घरी पाठवल्याचं कुठल्याच लेखात नाही. त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या टोळ्यांना तंबीही आहे : राजाला पश्चात्ताप झालाय, तरी त्याच्या हातात बळ आहे.

फाशीसुद्धा त्याने बंद केली नाही. चौथ्या स्तंभलेखात, कलिंगानंतर बऱ्याच वर्षांनी, मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली, तेवढीच. मात्र माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, विहिरी, रस्त्याकडेची झाडं हेही त्याचंच काम. मुदपाकखान्यात रोज लाखोंनी प्राणी मारले जात असं तो सांगतो, ते दोन मोर आणि एक हरीण एवढ्यावर आणले, आणि हरीणही रोज नाही.

म्हणून माझं मत असं : पश्चात्ताप खरा होता, पण त्यासाठी सत्तेचा एक तुकडाही त्याने सोडला नाही. तुला वेगळं वाटलं तर जरूर वेगळं लिही. फक्त प्रत्येक वाक्यापुढे लेख कुठला आणि तो कुणाला उद्देशून आहे ते लिही. नुसतं ‘अशोक म्हणतो’ लिहिलंस की धौलीची गोष्ट हातातून निसटते.

आपल्या नालासोपाऱ्यालाही १८८२ मध्ये त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचं त्यात आहे. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सुट्टीत गेलास की आजोबांना घेऊन बघून ये.

तुझा,
बाबा