शेत विकण्याआधी विद्यापीठाला एक प्रश्न विचारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी झाली. ब्रिटनमध्ये बायोमेडिकल सायन्सच्या एका वर्षाच्या एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळालाय. फी, राहणं, व्हिसा, विमान धरून खर्च 26 लाख. सोसायटीत 6 लाखांची ठेव आहे. उरलेल्या 20 लाखांसाठी घर तारण ठेवून कर्ज काढायचं, की रस्त्यालगतचं भातशेत विकायचं, हा त्यांचा प्रश्न. एजंटनं सांगितलंय, "तिकडं दवाखान्यात लागली की दोन वर्षांत सगळं फिटतंय."

शेत की कर्ज हे नंतर बघू. तुमचा सगळा हिशेब एजंटच्या "दवाखान्यात" या एका शब्दावर उभा आहे, म्हणून आधी तोच तपासू.

ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे पदनाम कायद्यानं राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कुणी ते नावापुढं लावू शकत नाही. या नोंदणीसाठी तिकडच्या मुलांची नेहमीची वाट म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सनं मान्य केलेली पदवी आणि मान्य प्रयोगशाळेत पूर्ण केलेलं प्रशिक्षण. नुसत्या एम.एस्सी.नं, तिच्या नावात बायोमेडिकल असलं तरी, ही नोंदणी हातात पडत नाही. परदेशी अर्जदारांसाठी वेगळी वाट आहे, पण तीही शिक्षण आणि अनुभव दोन्ही तपासते. तुमच्या मुलीकडे प्रयोगशाळेतला अनुभव आज शून्य आहे. त्यात शिक्षणानंतर तिथं राहून काम शोधण्याची जी मुदत दोन वर्षांची होती, ती 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि एम.एस्सी.वाल्यांना 18 महिन्यांचीच मिळणार आहे.

तेव्हा विद्यापीठाला मुलीच्या ईमेलवरून एवढंच विचारा: हा कोर्स इन्स्टिट्यूटनं मान्य केलेला आहे का, आणि माझी भारतातली बी.एस्सी. धरून हा कोर्स केल्यावर मला नोंदणी मिळण्यासाठी आणखी काय लागेल? उत्तर लेखी घ्या. एजंटचं तोंडी उत्तर चालणार नाही, त्याला कमिशन प्रवेशावर मिळतं, नोकरीवर नाही.

आता आकडे. 20 लाख, व्याज साडेदहा टक्के, दहा वर्षांची फेड. एक वर्ष कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच राहतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर महिन्याला 17,500 रुपये. ते भरत राहिलात तर पुढं हप्ता सुमारे 27,000 येतो. न भरता साचू दिलंत, तर दोन वर्षांत 4 लाख 20 हजार मुद्दलात मिळतात आणि हप्ता साडेबत्तीस हजारांच्या पुढं जातो. मुलगी परत आली आणि बेळगावात किंवा पुण्यात एखाद्या लॅबमध्ये नव्यानं लागली, तर पहिल्या पगारातून हा हप्ता निघेल असं मला वाटत नाही. मग तो तुमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून जाणार, आणि थकला तर तारण ठेवलेलं घर अडचणीत येणार.

शेत विकलं तर हप्ता नाही, हे खरं. पण भात दरवर्षी घरात येतो, आणि रस्त्यालगतची जमीन एकदा गेली की त्याच पैशात परत मिळत नाही. शिवाय उताऱ्यावर तुमच्या भावाचंही नाव आहे, असं तुम्हीच लिहिलंय. एका मुलीच्या शिक्षणासाठी दोन घरांत वाकडं येऊ देऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे: यंदा पाठवू नका. शेत तर विकूच नका.

हे तिला घरात बसवण्यासाठी सांगत नाही. आरोग्य क्षेत्रात शिरायला बेळगाव ही काही कमी जागा नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रोखता येतो का, याची तपासणी याच जिल्ह्यातल्या गावांत झाली. 1,620 महिला त्यात होत्या, गोळ्या गावातल्या एएनएम नर्सबाईंनी दिल्या, आणि निष्कर्ष 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. अशा कामाला डॉक्टर लागतात तशी नोंदी ठेवणारी, नमुने सांभाळणारी, रुग्णाला मराठी-कन्नडमधून संमतिपत्र समजावून सांगणारी माणसंही लागतात. खानापूरच्या मुलीला दोन्ही भाषा येतात, हे भांडवल लंडनमध्ये मिळत नाही. आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे.

पोरी, हे तुझ्यासाठी. भारतातच एम.एस्सी. कर, आणि करता करता सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी ठेव. त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे शिकण्याचे पैसे तुलाच मिळतात. संशोधनात मन नसेल आणि रुग्णांच्या तपासण्यांचंच काम हवं असेल, तर मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीकडे वळ. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं त्या व्यवसायाची नोंदणी आखून दिलीय. तुझी बी.एस्सी. त्या नोंदणीला चालते का, हे कॉलेजात आधी विचार.

इथल्या एम.एस्सी.ला 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या नेहमीच्या योजनेत तारण लागत नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. 3 लाख घेतले, व्याज दहा टक्के, पाच वर्षं, तर हप्ता साधारण 6,400. हा हप्ता नव्यानं लागलेल्या मुलीला पेलतो. कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत असलं आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं, तर हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात 3 टक्के सवलतीसाठीही अर्ज करा. दोनतीन वर्षं कामाचा अनुभव झाला, नोंदणीबद्दलचं लेखी उत्तर हातात आलं आणि तरी बाहेर जायचं असलं, तर मी स्वतः तिच्या कर्जाची कागदपत्रं तपासून देईन.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांतल्या ठेवींना असतो, सहकारी बँकाही त्यात येतात, पण पतसंस्था आणि सोसायट्यांना तो लागू नाही. तुमचे 6 लाख एकाच सोसायटीत आहेत आणि मुदत मार्चमध्ये संपते. तेव्हा नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका. रक्कम काढून दोन वेगवेगळ्या बँकांत तीन-तीन लाख ठेवा, एक पावती तुमच्या आणि मुलीच्या जोडनावावर करा.