मोठे टायर आणि अ‍ॅक्सलचा रेशो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: माझी २०१३ ची जीप रँग्लर जेके अनलिमिटेड सहारा आहे. इंजिन ३.६ लिटरचे, ऑटोमॅटिक पेटी पाच गिअरची. ३२ इंची टायर काढून ३५ इंची टाकले. तेव्हापासून चढाला पाचवा गिअर टिकत नाही, पेटी सारखी खाली-वर करते. अ‍ॅक्सलचा रेशो ३.२१ आहे. हिशेबाने ३.५ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे ३.७३ पुरायला हवा. गॅरेजवाला ४.८८ सांगतो. तो उगाच खर्चात पाडतोय का?
– एक वाचक, डेन्व्हर, अमेरिका

उत्तर: तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. जुना रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा) गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास, म्हणजे ३.२१ × ३५ ÷ ३२ = ३.५१. या सूत्रातून इतकेच कळते की कोणत्या रेशोवर इंजिनाचे फेरे पूर्वीइतके होतील. नवे टायर जड आहेत, वजन चाकाच्या कडेला गेले आहे, गाडी उंच झाल्याने वाराही जास्त अडतो. हे त्यात कुठेच येत नाही. शिवाय ३.२१ हा मुळात हायवेवर पेट्रोल वाचवण्यासाठी दिलेला रेशो. तिथेच परत जाऊन काय मिळवायचे?

त्यापेक्षा तुमच्या नेहमीच्या वेगाला इंजिन किती फेरे घेईल ते काढा. ताशी किलोमीटर × ५.३ ÷ टायरचा व्यास (मीटरमध्ये) म्हणजे चाकाचे मिनिटाला फेरे. त्याला वरच्या गिअरच्या आणि अ‍ॅक्सलच्या रेशोने गुणायचे. तुमच्या पेटीचा पाचवा गिअर ०.८३ चा आहे. ताशी ११० ला ३५ इंची टायरवर ३.२१ असेल तर साधारण १७५०, ४.१० ला २२३०, ४.५६ ला २४८० आणि ४.८८ ला २६६० फेरे होतात. हे इंजिन सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४८०० फेऱ्यांच्या आसपास देते. १७५० ला त्याच्याकडून चढ ओढण्याची अपेक्षाच चूक. त्यात डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे घराबाहेर पडतानाच सहावा हिस्सा गेलेला असतो.

गाडी रोजच्या कामाची आणि बहुतेक सपाट हायवेवर चालणारी असेल तर ४.५६ घ्या. घाट, सामान, मागे ट्रेलर असेल तर ४.८८. आमचे मत तुमच्या बाबतीत ४.८८ कडे झुकते. त्याच्या पुढे ५.१३ ला मात्र जाऊ नका. सहाराच्या पुढच्या बाजूला डॅना ३० अ‍ॅक्सल आहे. रेशो वाढतो तसा पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) बारीक होतो: ४.१० ला बहुधा १० दाते, ४.५६ ला ९, ४.८८ ला ८. बारीक पिनियन आणि जड टायर एकत्र आले की दगडात अडकलेल्या चाकावर जोर देताना दाते जातात.

सामान मागवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पिनियन बारीक झाला की क्राऊन (त्याला भिडणारा मोठा गिअर) त्याच्याकडे सरकावा लागतो, म्हणून कमी रेशोची डिफरन्शियल केस (क्राऊन जिच्यावर बसतो ती) मोठ्या रेशोला चालतेच असे नाही. उदाहरणार्थ, जेकेच्या आधीच्या टीजे रँग्लरच्या डॅना ३० मध्ये ही सीमा ३.५५ आणि ३.७३ च्या मधे आहे, जुन्या डॅना ४४ मध्ये ३.७३ आणि ३.९२ च्या मधे. केस बदलावीच लागणार असेल तर लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी यंत्रणा) बसवायचा विचार त्याच वेळी करा, मजुरी एकदाच पडते. दुसरे, जेकेचा पुढचा डॅना ३० हाय-पिनियन आहे, म्हणजे त्याचा पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या वर बसतो. टीजेचा लो-पिनियन क्राऊन-पिनियन त्यात चालत नाही. दोन्ही अ‍ॅक्सलचे सेट, दोन्हींसाठी बेअरिंग, शिम (अंतर जुळवायचे पातळ वॉशर), सील, क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) आणि नवा पिनियन नट असलेली पूर्ण किट, एवढे घ्याच. जुनी बेअरिंग परत वापरून वाचलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

काम झाल्यावर गाडीच्या संगणकात टायरचा व्यास आणि रेशो दोन्ही नव्याने भरावे लागतात. नाहीतर स्पीडोमीटर चुकेल आणि पेटी चुकीच्या वेळी गिअर बदलत राहील, मग तुम्ही म्हणाल खर्च करूनही फरक पडला नाही.

प्रश्न: जुनी महिंद्रा जीप, पेजो डिझेल इंजिन. पुढचा अ‍ॅक्सल खराब झाला म्हणून भंगारातून दुसरा बसवला. आता डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकली की गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते आणि लिव्हर परत निघत नाही. यानंतर ३१ इंची टायर टाकायचे आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर: कोरड्या डांबरावर फोर-व्हील थोडी अडतेच, म्हणून ती तिथे टाकायचीच नसते. पण इतकी अडत असेल तर पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असण्याची शक्यता मोठी. महिंद्रा जीप ज्या विलीज जीपवरून आली, त्या घराण्यात ४.८८ आणि ५.३८ दोन्ही फिरतात: दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता, त्यानंतरच्या नागरी जीप सीजे-२ए ला ५.३८. बाहेरून दोन्ही हाऊसिंग सारखीच दिसतात, आणि भंगारवाला रेशो विचारून अ‍ॅक्सल विकत नाही.

हाऊसिंग न उघडता मोजता येते. गिअर न्यूट्रलला ठेवा, दुसऱ्या अ‍ॅक्सलच्या चाकांना ओट (अडवायला दगड किंवा लाकूड) लावा, एका बाजूचे चाक जॅकवर उचला, दुसरे जमिनीवर राहू द्या. पुढचा अ‍ॅक्सल मोजताना फ्री-व्हील हब (पुढचे चाक शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग) लॉक करायला विसरू नका, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट हलणारच नाही. शाफ्टवर खडूची खूण करा आणि उचललेले चाक बरोबर २० वेळा फिरवा. एकच चाक फिरत असल्याने डिफरन्शियलची केस त्याच्या निम्मीच फिरते, म्हणून शाफ्टचे फेरे १० ने भागायचे. पावणेएकोणपन्नास फेरे भरले तर ४.८८, पावणेचोपन्न भरले तर ५.३८. दोनच फेरे फिरवून मोजले तर पाव फेऱ्याची चूकही घोटाळा करते. हाऊसिंग उघडलेच तर दाते मोजा: ३९ आणि ८, किंवा ४३ आणि ८.

तुमच्याकडे एक-एक निघाला तर फरक १० टक्क्यांचा. ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) दोन्ही शाफ्ट सारखे फिरवते, पण एका अ‍ॅक्सलची चाके दहा टक्के जास्त धावू पाहतात. चिखलात चाके घसरून तो ताण सुटतो, डांबरावर तो शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. लिव्हर अडकला तर जोर लावू नका. थोडे मागे घ्या किंवा एक चाक जॅकवर उचला, तो आपोआप सुटतो. ४.१० आणि ४.०९ इतका फरक मात्र चालतो.

दोन्ही कोणत्या रेशोला करायचे, हे ३१ इंची टायरच ठरवतो. ४.८८ आणि साडेअठ्ठावीस इंची टायरची ओढ ३१ इंचीवर हवी असेल तर ५.३ लागतो, म्हणजे ५.३८ जोडी. वरचा गिअर थेट (१:१) असल्याने ताशी ८० ला सुमारे २९०० फेरे होतील. त्यापुढे सतत पळवायची ही गाडी नव्हे. टायर बदलायचे मनातून गेले तर दोन्ही ४.८८ करा. स्पीडोमीटर केबलवर चालतो, तेव्हा ट्रान्सफर केसमधला त्याचा छोटा गिअर बदलल्याशिवाय वेग खरा दिसणार नाही.

प्रश्न: जिम्नीला १९५/८० आर१५ ऐवजी २३५/७५ आर१५ टाकतोय. क्राऊन-पिनियन बदलावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नको. व्यास ६९३ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो, वाढ पावणेसहा टक्के. घाटात एखादा गिअर लवकर खाली घ्यावा लागेल, एवढेच. लो-रेंज आहेच. वजन जास्त असलेला टायर घेतलात तर मात्र रेशोपेक्षा वजनच जाणवेल, आणि स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागरावर लटकते हेही लक्षात असू द्या. "अ‍ॅव्हरेज पडले" म्हणण्याआधी मीटरवरचे किलोमीटर १.०५८ ने गुणा. टायर चाकाच्या कमानीला घासतो का ते स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून तपासा. मूळ मापाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो. आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा, अपघातानंतर नको.

प्रश्न: क्राऊन-पिनियन बदलल्यापासून ७० ते ८० च्या दरम्यान, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून रडल्यासारखा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, नवे आहे, बसेल.
– एक वाचक, पनवेल

उत्तर: बसणार नाही. ठरावीक वेगाला, ठरावीक भाराखाली येणारा आवाज दात चुकीच्या जागी भिडत असल्याचा असतो, आणि दिवसेंदिवस वाढतो. (सर्व वेगांना घरघर असेल तर बेअरिंग पाहा, वळताना बदलत असेल तर चाकाची बेअरिंग.) सोडल्यावर आवाज येत असेल तर आधी पिनियन नट सैल झाला आहे का ते बघा. शाफ्टचे फ्लँज हाताने धरून मागे-पुढे हलवा. जराही हलले तर प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) गेला आहे.

नसेल हलत तर कव्हर उघडून दातांना रंग लावा, क्राऊनला थोडा अडवून दोन्ही दिशांना फिरवा आणि ठसा बघा. तो दाताच्या मुळाशी असेल तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे, तिथला शिम पातळ करा. टोकाशी असेल तर शिम जाड करा. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर यायला हवा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बहुतेक सेटला ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, डायल गेजने क्राऊनवर चार ठिकाणी मोजायचा. फक्त बॅकलॅश कमी-जास्त करून आवाज जात नाही, तो पिनियनच्या खोलीतून येतो. जुना शिम उचलून नव्या सेटला घातला असेल तर गडबड तिथेच झाली आहे.

दुरुस्तीनंतर ८०डब्ल्यू-९० जीएल-५ तेल भरा. पहिले २५-३० किलोमीटर सावकाश चालवा, अर्धा तास थंड होऊ द्या, आणि हे दोन-तीनदा करा. ८०० किलोमीटरपर्यंत ट्रेलर ओढू नका, मग तेल बदला. मॅग्नेटला बारीक करडा लेप असेल तर चालेल. धातूच्या चकत्या दिसल्या तर गाडी तिथेच थांबवा. पिनियनजवळचे हाऊसिंग हात ठेवता येणार नाही इतके तापत असेल तर प्रीलोड जास्त झाला आहे. अशा वेळी नट मागे फिरवून भागत नाही. दबलेली क्रश स्लीव्ह परत उसळत नाही, नवीच घालावी लागते.